किल्ली कोणाच्या खिशात?

गेल्या पावसाळ्यात एका संस्थेने मला आपल्या समितीवर घेतले. मॅट्रिक झालेल्या शाळामास्तराला, केवळ त्याच्या नावावर चार कादंबऱ्या आहेत म्हणून, अशा ठिकाणी बोलावण्यात कोणाचा काय हेतू असतो हे मला अजून उमगलेले नाही. ग्रामीण भागाला प्रतिनिधित्व दिले, असे अहवालात लिहिता येत असावे. काम मात्र मोठे सुरेख होते. पूर्व विदर्भात जंगलाच्या कडेला एक कलावंत-निवास उभा राहायचा आहे. लेखक, चित्रकार, नट, गवई यांनी तिथे येऊन महिना-दोन महिने राहावे आणि आपापली निर्मिती करावी, अशी कल्पना. त्याचे नियम आम्ही सात जणांनी ठरवायचे होते. तिसऱ्या बैठकीत माझे आणि उरलेल्या सहांचे इतके बिनसले की अध्यक्ष म्हणाले, "मास्तर, तुमचा विरोध लेखी द्या." लेखी दिलेला विरोध फायलीत जातो आणि फायलीतून पुढे कुठेच जात नाही, एवढे मला नोकरीने शिकवले आहे. म्हणून तो इथे देतो.

बैठकीत सगळे या गोष्टीला 'रेसिडेन्सी' म्हणत होते. आम्हा नागपूरकडच्या लोकांना हा शब्द नवा नाही. नागपूरला इंग्रजांचा रेसिडेंट राहत असे. भोसल्यांच्या दरबारी तो राहायला आला, आणि १८५४ साली राज्य खालसा झाले तेव्हा राहायला आलेला धनी झाला होता आणि धनी होते ते तनख्याचे कागद चाळीत बसले होते. शब्दावरून भांडण उकरून काढण्याची मला हौस नाही. तथापि राहणारा आणि राहायला देणारा यांच्यात सत्ता कोणाची, हा प्रश्न त्या शब्दाच्या पोटातच आहे. आणि आमच्या समितीला नेमका तेवढा सोडून बाकी सगळे सुचत होते.

पहिल्या दोन बैठका जागेच्या वर्णनात गेल्या. नदी हवी, मोर हवेत, मोबाइलला रेंज नको पण वाय-फाय हवे. कलावंताला एकांत लागतो, हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले की एकांताचाच कंटाळा आला. माझ्या चारही कादंबऱ्या स्वयंपाकघराच्या दारात बसून, वह्या तपासून झाल्यावर लिहिलेल्या आहेत. एकांत वाईट, असे मी म्हणत नाही. पण ज्याला माणसांत लिहिता येत नाही त्याला मोरांत लिहिता येईल, याची हमी कोणी घ्यायची?

मग 'बहुविद्याशाखीय कलावंत' आला. अर्जदाराने एकाहून अधिक कलामाध्यमांत काम केलेले असावे, त्याला प्राधान्य मिळेल, असा एक रकाना ठरला. आमच्या झाडीपट्टीत नाटकाच्या हंगामात जो माणूस रात्री खलनायक होतो, तोच दुपारी पडद्याला रंग देतो, पेटीचा भाता चिकटवतो आणि ऑटोत भोंगा लावून आपल्याच नाटकाची आरोळी देत गावोगाव हिंडतो. त्याला बहुविद्याशाखीय म्हटले तर ही शिवी कोणती, असे तो विचारील. तो या निवासात अर्ज करणार नाही, कारण अर्ज इंग्रजीत आहे. हे मी बैठकीत बोललो. सगळे हसले. टिपणीत काही आले नाही.

खरे भांडण झाले ते जनगढसिंह श्याम यांच्या नावावरून. एका सदस्यांनी उदाहरण दिले, "भोपाळला असा निवास मिळाला म्हणून तो घडला." लगेच दुसरे म्हणाले, "घडला कसला, बिघडला. पाटणगढच्या भिंतीवर होता तोच खरा." दोघांचे मत विरुद्ध, पण दोघेही 'तो' म्हणत होते, आणि त्याच दमात ज्यांनी जनगढ यांना भोपाळला आणले त्या जगदीश स्वामीनाथन यांना 'ते'. मराठीला आदरार्थी बहुवचन आहे. ते कोणाला लावायचे हे मात्र व्याकरण सांगत नाही.

पाटणगढ हे नर्मदेच्या उगमाकडचे गाव, पूर्वी मंडला जिल्ह्यात होते, आता दिंडोरीत आहे. तिथले परधान हे गोंडांचे भाट. आपल्या यवतमाळ-चंद्रपूरकडेही परधान आहेत. त्यांची जुनी रीत अशी: काही वर्षांच्या अंतराने परधान आपल्या गोंड यजमानाच्या घरी जायचा, बाना नावाचे तंतुवाद्य छेडून बडादेवाला जागवायचा, कुळाची गाथा गायचा. यजमान धान्य, कापड, जनावर, जे जमेल ते द्यायचा. मग परधान आपल्या घरी परतायचा. या परधानांवर शामराव हिवाळे यांनी १९४६ साली इंग्रजीत एक सबंध ग्रंथ लिहिला. हे हिवाळे आपले मराठी गृहस्थ. व्हेरिअर एल्विन यांच्याबरोबर १९३२ साली ते मंडला जिल्ह्यात गेले, पुढे दोघांचा मुक्काम पाटणगढलाच होता. एल्विन ईशान्येकडे निघून गेले, हिवाळे मागे राहिले. एल्विनचे नाव जगाला ठाऊक आहे आणि हिवाळ्यांचे मराठीलासुद्धा नाही, हे जाता जाता.

मला त्या रीतीतले एकच पाहायचे आहे. परधानाचा यजमानाकडचा मुक्काम हा कलावंत-निवासच होता. पाहुणा मानाने येई, त्याने गायिलेले त्याच्यापाशीच राही, बाना त्याच्याच खांद्यावर परत जाई, आणि गाणे संपले की त्याला उठून निघता येई. पुढे यजमानच गरीब झाले आणि ही रीत खंगली. जनगढ यांचा जन्म १९६०च्या सुमाराचा, त्या पडत्या काळातला. गावात जनगणना चालू होती म्हणून हे नाव ठेवले, असे सांगतात. गरिबीने शाळा सुटली, मजुरी आली. घराच्या भिंतीवर मात्र ते चित्रे काढीत, मातीचे उठावकाम करीत.

भोपाळच्या मोठ्या तलावाच्या उतारावर चार्ल्स कोरिया यांनी भारत भवन बांधले. त्यातले 'रूपंकर' हे कलासंग्रहालय स्वामीनाथन यांच्याकडे होते. त्यांनी तरुण विद्यार्थ्यांना आदिवासी गावांत पाठवले, त्यांना पाटणगढला ही भिंत दिसली आणि १९८१ साली विशी-एकविशीचे जनगढ भोपाळला आले. १३ फेब्रुवारी १९८२ रोजी भारत भवन उघडले तेव्हा त्यांची चित्रे तिथे होती. शहरी चित्रकारांची आणि आदिवासी चित्रकारांची कामे एकाच छपराखाली, एकमेकांची समकालीन म्हणून लावायची, हा स्वामीनाथन यांचा आग्रह. तो आज साधा वाटतो. तेव्हा साधा नव्हता, आणि आमच्या बैठकीतली सर्वनामे ऐकली तर आजही नसावा.

आता 'बिघडला' म्हणणाऱ्यांना उत्तर देतो. भिंतीवरचे चित्र पावसाळ्यात ओघळते आणि सणाला त्यावर नवा पोतेरा फिरतो. ते टिकावे म्हणून काढलेलेच नसते. ज्यांच्या स्वतःच्या घराला दर तीन वर्षांनी ऑइलपेंट लागतो त्यांनी दुसऱ्याने मातीच्या भिंतीतच राहावे असा हट्ट धरणे, याला मी संस्कृतिरक्षण म्हणत नाही. आणि भोपाळला झाले काय ते पाहा. बडादेव, ठाकूरदेव, फुलवारीदेवी हे सगळे गाण्यात होते. बान्याच्या सुरांत त्यांना बोलावले जाई, पण त्यांचे चित्र काढण्याची चाल नव्हती. जनगढ यांनी ते काढले. ठिपक्यांच्या रांगा, बारीक रेघांची वीण, शिंगांतून फुटणारी झाडे: कानाने ऐकायचे ते त्यांनी डोळ्यांसमोर उभे केले. गाण्याची घराणी उपाशी मरत असताना गाण्यातले दैवत कागदावर येऊन राहिले. माध्यमे बदलणे म्हणजे काय, ते मला या एका गोष्टीवरून जितके कळले तितके आमच्या समितीच्या रकान्यावरून कळले नाही. पोस्टर-रंग, शाई, छापचित्रे, कॅनव्हास, आणि पुढे कोरियांनीच बांधलेल्या भोपाळच्या विधान भवनाच्या प्रचंड भिंती, असा तो प्रवास आहे. १९८९ साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातील प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली.

यात शेजाराचा वाटा किती, हेही सांगायला हवे. भारत भवनाच्या एकाच आवारात ब. व. कारंथ यांचे रंगमंडल होते, छापचित्रांची कार्यशाळा होती, 'वागर्थ' हे कवितेचे केंद्र होते. त्या केंद्रात आपले दिलीप चित्रे काही काळ होते, आणि चित्रे म्हणजे कवी, अनुवादक, चित्रकार, चित्रपटकार सगळे एकाच अंगरख्यात. मुंबईत वॉर्डन रोडवर भुलाभाई देसाईंच्या बंगल्यातही हेच होते. गायतोंडे आणि हुसेन रंगवीत बसलेले, अल्काझींच्या नाटकाच्या तालमी चाललेल्या, रविशंकरांचे संगीताचे वर्ग भरलेले, आणि हे सगळे एका आवारात. तो बंगला आपण पडू दिला. मोर तिथे नव्हते.

'घडला' म्हणणाऱ्यांना उत्तर देणे जास्त अवघड आहे, कारण ते सज्जन आहेत. घडवणे हा शब्द कुंभार मडक्याबद्दल वापरतो. भोपाळने जनगढ यांना घडवले, असे मी म्हणणार नाही. भोपाळने त्यांना नोकरी दिली. छापचित्रांच्या विभागात काम, महिन्याचा पगार, आणि त्या पगारावर बायकोमुलांना जवळ आणण्याची सोय. आमच्या नियमावलीत काय आहे? 'निवासात कुटुंबीयांना परवानगी नाही.' जनगढ यांच्या पत्नी नानकुसिया याही पुढे चित्रकार झाल्या. गावाहून नातेवाईक आले, भाचे-पुतणे आले, कोणी रेघा भरून देऊ लागला, कोणी ठिपके. भोपाळला रात्रीची पहारेकरी करणारे भज्जू श्याम असेच त्या घरात शिरले आणि पुढे त्यांना पद्मश्री मिळाली. या सगळ्या चित्रणाला आता 'जनगढ कलम' म्हणतात. डॉ. आंबेडकरांच्या आयुष्यावरचे 'भीमायन' हे चित्रपुस्तक २०११ साली निघाले, ते दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांचे, म्हणजे याच गोतावळ्यातले. लहानग्या भीमाला नाकारलेले पाणी, महाराष्ट्राच्या मातीतली ती तहान, पाटणगढच्या परधानांच्या रेघेने काढली. आमच्या कोणत्या मराठी संस्थेने ती काढवून घेतली होती?

भारत भवनाला श्रेय द्यायचे तर मी याचे देईन, की तिथला पाहुणा स्वतः यजमान झाला. जनगढ यांच्या घरी येणाऱ्याला अर्ज भरावा लागत नव्हता.

इथवर समितीतले बरेच जण माना डोलवीत होते. मग मी जपानचे नाव काढले आणि खोलीत पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला.

जपानच्या निईगाता प्रांतात तोकामाची येथे भारतीय लोकचित्रांचे एक संग्रहालय आहे. पोरे उरली नाहीत म्हणून बंद पडलेल्या एका शाळेच्या इमारतीत ते थाटले. प्रदेश हिमवर्षावाचा. भारतातले चित्रकार तिथे जाऊन राहत आणि चित्रे काढून देत. जनगढही तिथे जात. २००१ च्या जुलैत, वयाच्या चाळिशीत, तिथेच त्यांनी आपले जीवन संपवले. घरी परत यायचे आहे असे त्यांनी पत्रातून कळवले होते, असे तेव्हा प्रसिद्ध झाले. मुदतीबद्दल, पैशाबद्दल, कागदपत्रांबद्दलही बरेच लिहिले गेले. कलावंतांनी चौकशीची मागणी केली. मनाचा आजार होता, असेही सांगण्यात आले. मी न्यायाधीश नाही, आणि मेलेल्या माणसाच्या मनात शिरून पाहण्याचा उद्धटपणा मी कादंबरीकार असूनही करणार नाही. आजार होता असे धरले, तरी माझा मुद्दा ढिला होत नाही. धडधाकट माणूस वाईट मुक्काम कसाबसा काढून घरी येतो. ज्याचे मन खचले आहे त्याच्यासाठीच दार आतून उघडणारे लागते.

त्या बंद शाळेचा विचार माझ्या मनातून जात नाही. मी शाळामास्तर आहे. पटसंख्या घसरून बंद पडलेली शाळा आतून कशी दिसते ते मी पाहिले आहे. भिंतीवर पाढे तसेच असतात. अशा इमारतीत, भाषा न कळणाऱ्या गावात, एक परधान बसला आहे. त्याच्या पूर्वजांची रीत गाऊन झाल्यावर घरी परतण्याची. हा शेवटचा मुक्काम त्या रीतीतला नव्हता.

२०१० साली न्यूयॉर्कच्या लिलावात जनगढ यांचे १९८८ सालचे एक चित्र ३१,००० डॉलरांच्या वर गेले. त्याची बातमी मोठी झाली.

आता आमच्या नियमावलीतली दोन कलमे देतो, म्हणजे मी एवढा का तापलो ते कळेल. एक: 'निवासी कलावंताने मुदतीपूर्वी निवास सोडल्यास त्याच्यावर झालेला खर्च संस्थेस परत करावा.' दुसरे: 'निवासकाळात निर्माण झालेल्या कृतींपैकी किमान एक कृती संस्थेच्या मालकीची राहील.' सहाही जणांना यात वावगे दिसले नाही. एक म्हणाले, "मास्तर, फुकट खायला घालायचे आणि काही मागायचेही नाही?" हा प्रश्न प्रामाणिक आहे. त्याला माझे उत्तर असे, की मग फुकट म्हणू नका. भाडे आहे म्हणा, रीतसर दर लावा, आणि घासाघीस करण्याची मुभा द्या. एका चित्राचे भाडे महिन्याला किती पडते याचा हिशोब चित्रकाराला तरी करू द्या. पाहुणचार म्हणायचे आणि मालकीचा कागद पुढे सरकवायचा, हा व्यवहार गावच्या सावकारालाही जरा जड गेला असता.

माझाही असल्या घरातला एक अनुभव आहे. वर सांगितले त्याच्यापुढे तो अगदी किरकोळ, परंतु कलम वाचताच मला तोच आठवला. काही वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत एका संस्थेने मला महिनाभर राहायला बोलावले. खोली छान होती, टेबल खिडकीशी होते. अकराव्या दिवशी घरून फोन आला की आईला दवाखान्यात ठेवले आहे. पिशवी भरून फाटकाशी आलो, तर फाटकाला कुलूप. रात्री जनावरे येतात म्हणून कुलूप. दिवसाही ते असते, हे मला दहा दिवसांत कळले नव्हते, कारण बाहेर जाण्याचा प्रसंगच आला नव्हता. किल्ली व्यवस्थापकांकडे होती आणि व्यवस्थापक तालुक्याला गेले होते. पाच तास मी त्या फाटकाशी बसलो होतो. कोणी माझ्याशी वाईट वागले नाही. आचाऱ्याने दोनदा चहा आणून दिला. आई बरी झाली. महिन्याभराने संस्थेचे पत्र आले, की येण्याजाण्याचा खर्च परत करावा आणि तिथे लिहिलेली दोन प्रकरणे त्यांच्या वार्षिकासाठी पाठवावीत. खर्च पाठवला. प्रकरणे पाठवली नाहीत. ती मी फाडून टाकली होती, इतकी ती वाईट होती. पण पुढच्या कादंबरीतले एक सबंध प्रकरण त्या फाटकाशी बसलेल्या माणसाचे आहे, तेव्हा निवासाने माझ्या लेखनाला काही दिलेच नाही, असे मला प्रामाणिकपणे म्हणता येणार नाही.

अशी घरे नसावीत, असा कोणी माझ्या बोलण्याचा अर्थ काढील. तसे असते तर मी पहिल्याच बैठकीत राजीनामा दिला असता. भज्जू श्याम यांना लंडनला एका उपाहारगृहाच्या भिंती रंगवायला नेले होते. दोन महिन्यांचे काम झाले आणि ते भोपाळला परत आले. आल्यावर त्यांनी काढलेल्या चित्रांचे पुस्तक २००४ साली चेन्नईहून निघाले. त्यात लंडनच्या घड्याळाच्या मनोऱ्याचा कोंबडा झाला आहे, कारण गोंडांच्या घरी वेळ सांगायला तोच असतो. कोंबडा लंडनला सुचला असेल किंवा भोपाळच्या आपल्या ओट्यावर. इतके नक्की, की सुचायला जाणे लागले आणि काढायला परत येणे लागले. साहेबाच्या देशाला पाटणगढच्या नजरेने पाहणारा हा माणूस पाहुणा म्हणून गेला होता, आणि पाहुण्याची नजर शाबूत ठेवून आला.

मी समितीला सुचवलेले बदल फार थोडे आहेत. परतीचे तिकीट आल्या दिवशी पाहुण्याच्या हातात द्यावे, मुदत उघडी ठेवून. कागदपत्रे, ओळखपत्र, जे काही असेल ते त्याच्याच खिशात राहावे. फाटकाची एक किल्ली त्याला द्यावी. केलेले काम त्याचे. संस्थेला हवे असल्यास तिने बाजारभावाने विकत घ्यावे. बायकोमुले, म्हातारी आई, शिकाऊ भाचा यांच्यासाठी शेजारी दोन खोल्या बांधाव्यात, मोरांच्या बजेटातून. आणि अर्ज मराठीत, गोंडीत, किंवा तोंडी चालावा. तोंडी सांगितलेले लिहून घ्यायला मी सुट्टीत येऊन बसेन, मला भत्ता नको.

यावर अध्यक्षांचा निरोप आला की सूचना उत्तम आहेत, पुढील आवृत्तीत अवश्य विचार करू, परंतु नियमावली छपाईला नागपूरला गेली आहे. मी उलट कळवले आहे की नागपूरची एस.टी. रोज सकाळी सहाला सुटते, आणि शनिवारी माझी शाळा अर्धीच असते.